वाक्य पुरं होईपर्यंत

जुने शहर, अकोला
३ डिसेंबर २०२४

जानराव, नमस्कार.

फोन हाताशी असताना ह्या निवृत्त वकिलाला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुम्ही पाकीट फोडतानाच म्हणणार. कारण सांगतो. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती त्यातल्याच एका खोलीत पडून सगळं ऐकत असते. गोदावरीला शब्द सापडत नाहीत, पण कान आणि डोकं शाबूत आहे. तिच्या देखत तिच्याच तक्रारी फोनवर सांगायची मला लाज वाटते.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिला झटका आला, तेव्हा तुम्ही दवाखान्यात येऊन गेलात. आता उजवा हात थोडा उचलते, भिंत धरून चालते. बोलणं मात्र अडलं आहे. वाक्य सुरू करते, दोन शब्दांवर थांबते आणि तिसरा जिभेवर यायला मिनिटभर लागतं. बोलायचा सराव करून घ्यायला माधवी नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा येते. आमच्या मैथिलीपेक्षाही लहान असेल. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, "काका, त्या थांबल्या की मनात वीसपर्यंत मोजायचं. शब्द आपण पुरवायचा नाही. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल, तेवढं पुढे येत नाही." मी मान डोलावली. जानराव, मी आजवर सातच्या पुढे गेलेलो नाही.

समोरचा अडखळला की त्याच्या तोंडात आपला शब्द ठेवायचा, ह्यावर मी चाळीस वर्षं उलटतपासण्या घेतल्या. ती सवय काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगता आली नाही.

आता खरी गोष्ट. रोज दुपारी चारला चहा आला की ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "तुम्ही कधी..." एवढंच. मी लगेच पुरवतो. कधी जेवलो? कधी झोपणार? कधी मैथिलीला फोन करणार? कधी दाढी करणार? प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घेते आणि चहा गार होतो. दीड महिना झाला, त्या वाक्याच्या पुढे काय आहे ते मला कळलेलं नाही. कुतूहलानं जीव जायची वेळ आली आहे.

तुम्ही संत्र्याच्या बागेवाले. तुमची झाडं तर अवाक्षर काढत नाहीत. त्यांच्यापुढे तुम्ही गप्प कसे बसता, ते लिहा.

तुमचा,
कमलाकांत


मळा, अचलपूर
११ डिसेंबर २०२४

वकीलसाहेब, रामराम.

पत्र वाचून आधी मी पोटभर हसलो, मग वहिनींसाठी वाईट वाटलं. माझी धुऱ्याची केस तुम्ही अकरा वर्षं चालवली. धुरा केवढा, तर दोन शेतांमधला, दोन बैल जेमतेम जातील एवढा बांध. दर तारखेला मी विचारायचो, "साहेब, अजून किती?" आणि तुम्ही चश्मा पुसत म्हणायचे, "जानराव, धीर धरा." अकरा वर्षं दुसऱ्याला धीर वाटत सुटलेला माणूस घरी सात आकडे मोजू शकत नाही!

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ह्या महिन्यात बागेला ताण दिलेला आहे. म्हणजे एक तारखेपासून पाणी बंद. विहीर भरलेली आहे, मोटर चालू आहे, पण द्यायचं नाही. आमच्या काळ्या जमिनीत चाळीसेक दिवस असं ठेवावं लागतं. झाड वाढणं थांबवतं, पानं मान टाकतात, थोडी गळतात. मग थोडं पाणी सोडायचं, त्याला आंबवणी म्हणतात, की झाड फुलावर येतं. मधेच दया येऊन पाणी सोडलं तर ते झाड पालवी फोडतं, फूल देत नाही. वर्षाचा बहार गेला.

लोकांना वाटतं ह्यात काही करायचं नसतं. मी रोज सकाळी बावीस ओळी फिरतो. पान हातात घेऊन पाहतो. आज किती मऊ पडलं, काल किती होतं. धीर धरायचा म्हणजे रोज जाऊन पाहायचं आणि हात मागे बांधून परत यायचं.

उत्तमराव आहे ना, शेजारचा कापूसवाला, तो रोज हाक मारतो, "काय जानरावभाऊ, बाग जाळून राहिले काय? झाडायनं काय घोडं मारलं तुमचं?" मी म्हणतो, "मले शिकवू नका उत्तमराव, ताण देऊन राहिलो मी." आणि चालू लागतो.

एसटीनं एक पेटी संत्री पाठवतो आहे, अकोल्याच्या स्टँडवर उतरवून घ्या. वहिनी बोलायला लागल्या की एक फोड सोलून स्वतःच्या तोंडात ठेवा. तोंड भरलेलं असलं की वकील बोलू शकत नाही. आमची मंडळी पार्वताबाई, तिचंही हेच मत आहे.

आपला,
जानराव


जुने शहर, अकोला
२० डिसेंबर २०२४

जानराव,

संत्री गोड निघाली, उपाय कडू. पहिल्या दिवशी तिनं "तुम्ही कधी..." म्हटलं आणि मी फोड तोंडात टाकली. अकरापर्यंत पोचलो. विक्रम! बाराव्या आकड्याला फोड बियांसकट गिळली आणि म्हणालो, "कधी फिरायला नेणार, असंच ना?" तिनं डोळे मिटले.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला जड जातं, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मला वाटलं, प्रश्नच नीट काढले तर तिला बोलायची तसदीच पडणार नाही. एक वही घेतली. बत्तीस प्रश्न काढले, सगळे हो किंवा नाही अशा उत्तराचे. तुला मैथिलीकडे पुण्याला जायचं आहे का? मान हलली, हो. माधवी नको का? हो. पोटात दुखतं का? हो. मी घाबरलो, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, दिवस गेला. पोट ठणठणीत. घरी आल्यावर शंका आली म्हणून तेहतिसावा प्रश्न विचारला. "तुझं नाव जानराव आहे का?" खिडकीबाहेर बघत तिनं मान हलवली. हो.

मला हसू आलं. मग उमगलं. ती माझ्या प्रश्नांना उत्तर देत नव्हती जानराव, मला लवकर आटपायला लावत होती. आणि मला वाटायला लागलं आहे की हे झटक्यानंतरचं नाही. चाळीस वर्षांत तिनं किती वेळा अशी मान हलवली असेल, कोण जाणे.

माधवीनं वही पाहिली आणि मिटून माझ्या हातात दिली. एवढंच म्हणाली, "काका, त्यांना परीक्षेला बसवू नका."

आज चार दिवस झाले, गोदावरी अजिबात बोलत नाही. "तुम्ही कधी" सुद्धा नाही. चहा येतो, ती पिते, कप ठेवते. मला भीती वाटते. तुमचा ताण मोडायची वेळ झाली, हे तुम्हाला कसं कळतं?

कमलाकांत


मळा, अचलपूर
२८ डिसेंबर २०२४

वकीलसाहेब,

घाबरू नका. माझी बाग आत्ता पाहिली तर तुम्हाला रडू येईल. पानं चुरगळल्यासारखी झाली आहेत. विहिरीजवळच्या ओळी तर जास्तच. उत्तमराव हसून राहिला आहे. मी मात्र ढिम्म. मोटरच्या खोलीकडे फिरकलोसुद्धा नाही. ज्याला बाग करायची त्यानं काळीज दगडाचं केलं पाहिजे.

तुम्हीही तसंच करा. वहिनी गप्प तर तुम्ही गप्प. पहिलं कोण बोलतं ते पाहा.

पार्वताबाई वहिनींची फार आठवण काढते. जास्त लिहीत नाही, कामं पडली आहेत.

जानराव


जुने शहर, अकोला
६ जानेवारी २०२५

जानराव,

तुमच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसून पाहिलं. आठ दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता. माझं गप्प बसणं म्हणजे रुसणं झालं असावं, कारण ती आणखीच भिंतीकडे वळली.

परवा मैथिली पुण्याहून आली. तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला गच्चीवर नेऊन सांगितलं, "बाबा, मी आईला घेऊन जाते. तिथे तिला कोणी घाई करणार नाही." पंचवीस तारखेची दोन तिकिटं काढली आहेत. तिघांसाठी नाहीत, दोघींसाठी. चूक तिची नाही. माधवीनंही मान खाली घातली, विरोध केला नाही. गोदावरीला विचारलं, तर तिनं मान हलवली. आता त्या मानेचा अर्थ मी काय लावू?

मला ती इथे हवी आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. रात्री तिच्या श्वासाचा आवाज आला नाही तर मला झोप येत नाही. पण हट्ट कुठल्या तोंडानं धरू? तुम्ही चाळीस दिवस वाळत्या झाडांपुढे हात बांधून उभे राहिलात. मला एका बाईपुढे वीस आकडे उभं राहता आलं नाही. काही माणसांच्या अंगात ते नसतंच, असं धरून चाललो आहे. जाऊ देतो तिला.

कमलाकांत


मळा, अचलपूर
१२ जानेवारी २०२५

वकीलसाहेब,

तुमचं पत्र खिशात घेऊन मी तीन दिवस फिरलो. आता लिहितो, कारण नाही लिहिलं तर तुम्ही खोट्या माणसाकडे बघून हार मानाल.

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. मोटरच्या खोलीकडे फिरकलो नाही म्हणालो ना? पंचवीस डिसेंबरला दुपारी मी विहिरीजवळच्या ओळींत उभा होतो. पानं अशी लोंबत होती की मला बघवेना. तेवढ्यात उत्तमराव धुऱ्यावरून ओरडला, "मेली वो तुमची झाडं, जानरावभाऊ! आता लाकडं तोडाले माणसं पाहा." माझं डोकंच फिरलं. मी मोटरकडे धावलो. पार्वताबाई धुऱ्यावर उभी राहून काहीतरी सांगत होती, मी हातानंच तिला गप्प केलं आणि बटन दाबलं. चार ओळी भिजल्या तेव्हा भानावर आलो. मोटर बंद केली तेव्हा माझा हात थरथरत होता, साहेब. चोरी केल्यासारखा.

कोणाला सांगितलं नाही. पण झाडं लपवत नाहीत. आज त्या चार ओळींवर कोवळी हिरवी पालवी आली आहे. बघायला इतकी सुंदर, की वाटेनं जाणारा थांबून कौतुक करतो, आणि मी मान खाली घालतो. ह्या वर्षी त्यांना फूल नाही. बाकीच्या अठरा ओळी तशाच वाळक्या उभ्या आहेत. संक्रांत झाली की त्यांना आंबवणी देणार.

उपदेशाचा मला अधिकार नाही, तेव्हा फक्त झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो आणि उरलेल्या अठरा ओळी पाहिल्या. लाज वाटत होती तरी गेलो. चार गेल्या म्हणून बाग गेली असं मी धरलं असतं, तर त्याच दिवशी सगळ्यांवर पाणी सोडून मोकळा झालो असतो.

आणखी एक. "गप्प बसा, पहिलं कोण बोलतं ते पाहा," असं मी लिहिलं, ते माझा गुन्हा लपवायच्या घाईत लिहिलं. ते मनावर घेऊ नका. पंचवीस तारखेला अजून तेरा दिवस आहेत.

तुमचा,
जानराव


जुने शहर, अकोला
२२ जानेवारी २०२५

जानराव,

तुम्ही रागवाल ते रागवा. तुमचं पत्र मी गोदावरीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

का, ते सांगतो. मला तिची माफी मागायची होती आणि माझ्याकडे शब्दच नव्हते. तुमचे तयार होते. उसने शब्द घ्यायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आली. मैथिली बाजारात गेली होती. चारचा चहा समोर होता. मी वाचत गेलो. "मोटर बंद केली तेव्हा माझा हात थरथरत होता, साहेब," इथे आलो आणि गोदावरी हसली. महिन्याभरात तिच्या तोंडून आलेला तो पहिला आवाज. मीही हसलो. आम्ही दोघं तुम्हाला हसत होतो, माफ करा.

मग मी पत्र खाली ठेवलं आणि म्हणालो, "माझ्या तर बावीसच्या बावीस ओळी भिजल्या." तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "तुम्ही कधी..."

ह्या वेळी मी मोजलं नाही. आजवर मोजत होतो तेव्हा खरं म्हणजे मी माझी पाळी कधी येते त्याची वाट बघत होतो. ह्या वेळी पुढचा शब्द काय असेल ते मला खरोखर ठाऊक नव्हतं. माझे सगळे शब्द वापरून संपले होते. उरलं होतं ते फक्त कुतूहल. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. चहावर साय धरली. खाली गल्लीत कोणीतरी सायकल लावली, गेलं. तिनं हात उचलून खुंटीकडे दाखवलं, पण मी तिकडे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर लगेच काहीतरी ओळखलं असतं.

"मला... तुमचं... कोर्ट... दाखवलं नाही."

जानराव, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. कोर्ट आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. मोर्णेचा पूल ओलांडला की काय ते. मी तिला एकदाही नेलं नाही. तिला बघायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बत्तीस प्रश्नांत हा नव्हता, आणि मी आणखी तीनशे काढले असते तरी त्यात तो आला नसता. मला वाटत होतं ती माझी तक्रार करणार, मी फार बोलतो म्हणून. आणि तिला काय हवं होतं? मी बोलताना ऐकायचं होतं!

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. मैथिली पिशवी घेऊन दारात उभी होती, किती वेळ ते कळलं नाही. तिनं आईला विचारलं, "आई, पुण्याला येतेस?" आणि विचारून ती बसली, उत्तर येईपर्यंत. मान हलली नाही. बऱ्याच वेळानं शब्द आला. "नंतर."

एक तिकीट रद्द केलं आहे. मंगळवारी आम्ही कोर्टात जाणार. माझी तर आता केस नाही, पण मागच्या बाकावर बसायला कोणाची ना नाही.

कमलाकांत


जुने शहर, अकोला
३ फेब्रुवारी २०२५

(हे पत्र गोदावरीचं आहे. मी फक्त लिहून घेतलं. तीन दुपारी लागल्या. ह्यात माझा एकही शब्द नाही. कमलाकांत)

जानरावभाऊ,

मंगळवारी कोर्टात गेलो. तो काळा कोट मी रोज झटकून दिला. तो जातो कुठे, ते आता पाहिलं.

जिना फार आहे. धरून चढले. खोली लहान आहे. मला मोठी वाटायची. पंखा खडखड करतो. ह्यांना सगळे नमस्कार करत होते. मला बरं वाटलं.

एक बाई साक्षीला उभी होती. हिरवं लुगडं होतं. तिला विचारलं, त्या दिवशी कुठे होता. ती म्हणाली, मी. मग थांबली. वकील म्हणाले, घरीच होता ना? तिनं मान हलवली. तसं लिहून घेतलं.

ती घरी नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला. मान कशी हलते ते मला माहीत आहे.

ह्यांनीही पाहिलं. बाहेर आलो. रिक्षात माझा हात धरून बसले. घर आलं तरी सोडला नाही.

तुमची सगळी पत्रं मी वाचून घेतली. चांगली आहेत. बाग समोर दिसली. त्यात तुम्ही बोलता. उत्तमराव बोलतात. पार्वताबाई कुठेच बोलत नाहीत.

त्या दिवशी धुऱ्यावरून त्या काय सांगत होत्या?

विचारा. लगेच सांगणार नाहीत. बसून राहा.

गोदावरी